पाच अँपिअरचा फ्यूज

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात मी जाळला. लोक म्हणतात आगीनं जाळला, आई म्हणते नशिबानं. सगळं खोटं.

आम्ही निर्मळचे वाडीवाले. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, सुक्या सोपटात बांधायची आणि ती सुकेळी जत्रेत विकायची, हा घरचा धंदा. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचं वाळलेलं साल. त्याची गाठ आमच्यासारखी कोणी मारत नाही. एक टोक दाताखाली, दुसरं मुठीत, आणि असा हिसका द्यायचा की सुकेळीचा जीव गुदमरावा. घरातली माणसंही तशीच. बापाचा हात तोंडाआधी चालायचा आणि बाप गेल्यावर तो वारसा मी घेतला. दादा तेवढा वेगळा निघाला. बोळिंजला एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करायचा. त्याची बोटं बघून आई म्हणायची, हा वायर जोडत नाही, गजरा ओवतो.

दोन वर्षांपूर्वी जत्रेत आमची जागा अगदी कडेला आली. जनरेटरची लाइन तिथवर पोचेना. दादानं टेम्पोची जुनी बॅटरी आणली, एलईडीच्या पट्ट्या आणल्या आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, पाच अँपिअरचा. बॅटरीवर पान्हा ठेवायचा नाही, फ्यूजला हात लावायचा नाही, असं मला तीनदा बजावलं.

मी म्हटलं, "बारा व्होल्टला कसला घाबरतोस? माणूस थोडाच मरतो?"

"माणूस मरत नाही रे. तार पेटते."

पट्ट्या टांगायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी त्यानं प्लॅस्टिकचे केबल टाय दिले होते. मी ते खिशात कोंबले. घरचं सोपट असताना हे विकतचं कशाला? स्टॉलच्या लोखंडी पाइपाला तार लावली, सोपटाचं टोक दाताखाली धरलं आणि दिला हिसका. पाइपाच्या कापीव कडेवर प्लस-मायनस दोन्ही तारांचं कातडं फाटलं, ते मला दिसलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला गर्दी लोटली आणि आमचा स्टॉल भप्पकन अंधारात. दादानं दुसरा फ्यूज टाकला. वारा आला, पाइप हलला, तोही उडाला.

"तार कुठंतरी घासतेय. शोधू दे," म्हणत तो एकेक गाठ चाचपायला लागला. समोरून गिऱ्हाईक पुढं चाललेलं. माझं टाळकं सरकलं.

"फ्यूज काढ आणि सरळ तार जोड!"

"नाही जोडणार."

"दादा, जोड म्हणतो ना!"

"फ्यूज उडतोय म्हणजे तो आपल्याला वाचवतोय, गाढवा."

खाडकन वाजवली. अख्ख्या जत्रेसमोर, थोरल्या भावाच्या थोबाडीत. आई "मुडद्या!" म्हणून किंचाळली.  दादा गाल धरून खोक्यावर बसला. मी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळली आणि दिवे लखलखले.

"बघ! लागले की नाही, दीडशहाण्या?" असं म्हणून मी घसा ताणून सुकेळी विकायला लागलो. देवा, काय माज होता मला!

थोड्या वेळानं एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचा धक्का पाइपाला लागला आणि तार चरचरून लाल झाली. मग गाठी पेटल्या, एकामागून एक, सगळ्या माझ्या हातच्या. वाळकं सोपट ते, भडकायला कितीसा वेळ? खाली आई बसलेली, मांडीवर टोपली, भोवती सोपटाचा ढीग. जळता तुकडा तिच्या पदरावर पडला. मी पदर फाडून काढला, ढीग लाथांनी उडवला, पण तार लालच होती आणि वरून आग गळतच होती. दादा बॅटरीवर झेपावला. पान्हा शोधायला वेळ नव्हता. त्यानं ती लाल तार नुसत्या उजव्या मुठीत धरली आणि उपटली. वितळलेलं प्लॅस्टिक त्याच्या तळहाताला चिकटून शिजत राहिलं. तो असा ओरडला की जनावरसुद्धा तसं ओरडत नाही. वीज तुटल्यावर शेजारच्या स्टॉलवाल्यानं पाण्याचा हंडा ओतला आणि आग विझली.

आईच्या खांद्यावर डाग राहिला. दादाची बोटं आखडली ती आखडलीच. स्क्रू-ड्रायव्हर धरता येईना, तेव्हा गॅरेज सुटलं. आता तो वाडीत केळींना पाणी लावतो.

यंदा जत्रेत स्टॉलचं वायरिंग मी केलं. तो शेजारी बसून सांगत होता. पाइपाच्या कडेवर रबरी नळीचा तुकडा, तारेला केबल टाय, प्लसजवळ फ्यूज. फ्यूज टाकायच्या आधी मात्र मला राहवलं नाही.

"दादा, मला एक मार. सगळ्यांसमोर मार. फिटू दे एकदाचं."

त्यानं उजवा हात वर केला. मी डोळे मिटून गाल पुढं केला. बराच वेळ काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर तो आपल्या वाकड्या, अर्धवट मिटलेल्या मुठीकडे बघत होता.

"थोबाडीत मारायला पंजा उघडावा लागतो रे," तो म्हणाला. "हा उघडत नाही. चल, फ्यूज टाक."