हशाची जागा

आज माळ्यावरून शकूची बाजाची पेटी काढली. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि मी थेट कुर्डुवाडीच्या त्या रिकाम्या सभागृहात जाऊन बसले.

तेव्हा आम्ही दोघी पंचविशीतल्या. शकू पेटीवर, मी ढोलकीवर. गावोगाव टिंगलीची गाणी म्हणायचो. त्या दुपारी दार लावून नवं गाणं बसवत होतो, बाई सरपंचाचं. आमच्याशिवाय ते अजून कुणी ऐकलेलं नव्हतं. विनोदाची ओळ झाली की चार मात्रा नुसती ढोलकी वाजवायची, लोकांच्या हशाला जागा ठेवायची, ही आमची रीत. तालमीतसुद्धा.

"सरपंच मी हाय गं बाई..." शकूनं सूर लावला, आणि पुढची ओळ यायच्या आधीच मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा, हसता हसता ठसका लागलेला.

शकूचा हात थांबला. "कोन हाय तितं?"

सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. संध्याकाळच्या कार्यक्रमात ते गाणं आम्ही म्हटलंच नाही.

शकूला जाऊन दोन वर्षं झाली, माझेही केस पिकले. आज मी एकटीनंच सूर धरला, "सरपंच मी हाय गं बाई..." 'पन खुर्चीत बसलाय धनी' ही पुढची ओळ ओठांवर यायच्या आधीच मला हसू फुटलं, आणि ठसका लागला. तेच हसणं. तोच ठसका.

चार मात्रा तशीच थांबले. मग हळूच म्हणाले, "मी हाय की, शके."