वरवंटा परत मिळणेबाबत

विषय : माकुणसारच्या द्वारकाबाईंचा दगडी वरवंटा परत मिळणेबाबत.

कोळगावच्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळून मी निवृत्त झालो. फायलीत कागद साठतात तसे क्लार्कच्या डोक्यात किस्से साठतात. फरक इतकाच, की किश्श्यांना वाळवी लागत नाही. या एका अर्जाभोवतीच बघा किती जमलेत!

*

जुन्या वस्तूंच्या पाहणीला आलेल्या एका अभ्यासकाला द्वारकाबाईंच्या ओटीवर हा वरवंटा दिसला. दोन्ही टोकांना कमळं कोरलेली.

"आजी, हा हजारेक वर्षांचा असेल!"

"तरीच आमची चटनी मुरलेली लागते!"

त्यानं तो 'आठ दिवसांसाठी' नेला. तिसऱ्या महिन्यात तो आमच्या काचेच्या कपाटात आला.

*

शेजारी तज्ज्ञांचं कार्ड होतं : 'डावीकडे झीज अधिक. कारण अज्ञात.' मी द्वारकाबाईंना वाचून दाखवलं.

"कारन माजी सासू! डावरी होती ती."

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "सासूचा पुरावा जोडायला सांगा."

*

अर्जाच्या घाईचं कारण वेगळंच होतं. द्वारकाबाईंचा नातू बोईसरला कारखान्यात, राहायला सरावलीला. त्याची बायको दिवसांत. त्या घरात बारशाला आधी हा वरवंटा कुंची घालून पाळण्यात निजवायचा, मग बाळ.

नातू म्हणाला, "आजी, बाजारातून नवा आणतो."

"तुजा बाप याच्या बाजूला निजला, तूबी निजलास. आता पोराला अनोळख्याच्या शेजारी निजवू?"

*

दर सोमवारी त्या यायच्या आणि काचेवर तळहात टेकवून उभ्या राहायच्या.

शिपाई ओरडायचा, "आजी, काच खराब होते!"

"इतकी वर्सं दगड खराब नाय झाला माज्या हातान!"

आमच्या घरात मिक्सर आला त्या वर्षी आमचा वरवंटा कुठं गेला, मला आठवत नाही. शिपाई जेवायला गेला, की मीही काचेवर हात ठेवून बघायचो.

*

बारशाच्या दिवशी द्वारकाबाई पिवळी कुंची घेऊन आल्या. कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब ट्रेनिंगला! त्या ऑफिस बंद होईपर्यंत बसल्या. जाताना कुंची कपाटावर ठेवून म्हणाल्या, "सायेब आले की घाला त्याला."

बारसं लांबलं.

दुसऱ्या दिवशी कपाटातल्या वस्तूंची तपासणी होती. नव्या क्लार्कनं रजिस्टरात नोंद केली : 'कुंची, कापडी, पिवळी, एक. काळ अनिश्चित.'

द्वारकाबाईंनी कुंचीसाठी वेगळा अर्ज दिला आहे. बाळ आता घरभर चालतं. सगळे त्याला 'बाळ'च म्हणतात.

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.