फलाटताईचे मासे

बसस्थानकावर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार, हे माइकवरून सांगण्यात तिची सगळी नोकरी गेली, म्हणून लोक तिला फलाटताई म्हणायचे. निवृत्तीनंतर घरात बोलायला कुणी उरलं नाही. सहकाऱ्यांनी निरोपाला दिलेला कॉम्प्युटर तिनं खिडकीपाशी मांडला आणि दुपारभर ती त्याच्यासमोर बसू लागली.

एकदा कुठल्याशा अनोळखी पानावर तिला मासे दिसले. उतरवून घेतले की पडद्यावर कायम पोहत राहतील, तेही फुकट. अँटिव्हायरस आडवा आला तर आधी तो बंद करा, असं खाली लिहिलं होतं. तिनं मुकाट्यानं बंद केला.

मग त्या खोलीत समुद्रच आला. निळा उजेड भिंतीवरून, कपाटाच्या आरशावरून, तिच्या पावलांवरून सरकत राही. ती खुर्चीत डोळे मिटायची आणि जाग नि झोप यांच्या मधल्या पाण्यात कितीतरी वेळ तरंगायची. कॉम्प्युटर हल्ली गोगलगायीसारखा चालतो, आतला पंखा सारखा घरघरतो, हे तिला जाणवत होतं. पण तिला घाई कुठे होती?

अशाच एका दुपारी फोन वाजला. पलीकडे धाकटी बहीण. आईच्या आजारपणात "तू नुसती पाहुणी म्हणून येतेस," असं फलाटताई तिला चारचौघांत बोलली होती. तेव्हापासून बोलणं तुटलं ते तुटलंच.

"ताई, तुझी मेल आली," बहीण म्हणाली. "'तुझी आठवण आली, हे बघ,' एवढंच होतं. खालची लिंक उघडली तर नुसतं कोरं पान. पण आठवण आली म्हणालीस, तेवढं पुरलं मला."

फलाटताईनं काही पाठवलंच नव्हतं. तरी तिच्या तोंडून नाही निघेना. तिनं तब्येत विचारली, गुडघे विचारले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या आवाजाच्या उबेत बसून राहिली. मग शेजारणीचा फोन आला, मागोमाग जुन्या आगारप्रमुखांचा. तिला सगळ्यांचीच आठवण आली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटर घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेली.

"काकू, माशांच्या पोटात भलतंच काही होतं," ती बाई म्हणाली. "तुम्ही मासे आत घेतले, त्यांच्यासोबत तेही शिरलं. आता ते तुमचे पासवर्ड वाचतंय आणि तुमच्या नावानं मेल धाडतंय, ज्यांनी लिंक उघडली त्यांच्याकडेही शिरलं असेल."

"पण माझ्या बहिणीनं काहीच उतरवलं नाही. नुसतं पान उघडलं."

दुरुस्तीवालीनं सांगितलं, की ब्राउझर जुना असला तर तेवढंही पुरतं. वेळच्या वेळी अपडेट केला नाही की त्यातली भोकं तशीच राहतात, आणि तसलं पान उघडताच व्हायरस न विचारता आत येतो.

फलाटताईनं तिथूनच फोन लावला. बहिणीला आधी इंटरनेट बंद करायला सांगितलं, मग सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदलायला. उरलेलं तिनं शेवटी सांगितलं.

"ती मेल मी पाठवली नव्हती गं. पाठवायला हवी होती."

मग बहिणीनं दुकानाचा पत्ता विचारला.

ती आली ती कॉम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून. दोन्ही कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरायचे होते. मासेही जाणार, असं दुरुस्तीवालीनं सांगितलं, तेव्हा फलाटताईला थोडं वाईट वाटलं, पण तिनं मान डोलावली.

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. ऊन कोवळं होतं, रस्ता पेंगुळलेला.

"आईच्या वेळी मी बोलले ते चुकलंच माझं," फलाटताई म्हणाली.

"विसरले नाहीये मी," बहीण म्हणाली. थोड्या वेळानं ती जराशी सरकली आणि तिनं चादरीची घडी दोघींच्या मांडीवर पसरली.