डाव्या खणातलं पेट्रोल

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. रक्कम दोन हजार तीनशे दहा रुपये. जागा लातूर, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातली पुढची खोली. हजर होते अक्का, मी, माझी बायको, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि अक्काचा ड्रायव्हर. ही रक्कम मी ड्रायव्हरच्या पगारातून कापली आणि का कापली ते सगळ्यांसमोर सांगितलं.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, प्राध्यापक होते. त्यांनी हैदराबादहून एक जुनी जर्मन गाडी घेतली होती, सहा सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. आमच्या लोकांच्या त्या वसाहतीत तेव्हा दोन-चार घरीच चारचाकी होत्या, त्याही लहान. त्यामुळे ती गाडी दाजींची राहिलीच नाही. कोणाच्याही घरी लग्न असलं की नवरी त्याच गाडीतून विहारात जायची. गाडी नेणारा आपलं पेट्रोल टाकायचा आणि चालवायचा मात्र दाजींचा ड्रायव्हर. माणूस धर्माबादचा, अकरा वर्षं त्या घरी होता. दाजींच्या शेवटच्या आजारपणात हैदराबादच्या खेपा त्यानंच केल्या. तो घरातल्या मुलांसारखा मला मामा म्हणायचा.

दाजी गेल्यावर अक्काच्या पेन्शनीचा आणि घरखर्चाचा हिशेब मी नांदेडहून बघायला लागलो. माझी नोकरीच लेखा शाखेतली. बघितलं तर गाडीच्या पेट्रोलला काही धरबंद नव्हता. दाजींना काटा अर्ध्याच्या खाली गेला की करमत नसे, लगेच टाकी फुल. मी नियम घातला की एका वेळी पाचशेचंच टाकायचं, आणि पावतीचा व किलोमीटरचा फोटो मला मोबाइलवर पाठवायचा. ड्रायव्हर म्हणाला होता, सर कायम फुल ठेवायचे, या गाडीला तीच सवय आहे. मी म्हणालो, सरांचा पगार होता, अक्काची पेन्शन आहे. नियम चांगल्यासाठी होता, आजही मला तसंच वाटतं. पण ड्रायव्हरचं पुढे जे झालं ते त्या नियमामुळेच झालं.

डिसेंबरपासून गाडी कुरकुरायला लागली. चढावर खोकायची, वळणावर दम सोडायची. ड्रायव्हरनं दोनदा फोन केला. मी विचारलं, पेट्रोल संपत आलं होतं का? तो म्हणाला, काटा पावच्या वर आहे. मी म्हणालो, जुन्या गाडीचा काटा आहे, त्याच्यावर काय भरवसा.

माझा भरवसा माझ्या आकड्यांवर होता. एकवीस वेळा पाचशे म्हणजे साडेदहा हजार, पेट्रोल शंभर लिटर. गाडी चालली सहाशे चोवीस किलोमीटर. दाजींच्या काळात लिटरला आठ पडत, तेव्हा लागायला हवं होतं अठ्ठ्याहत्तर. बावीस लिटर गेलं कुठं? टाकी फुटकी नाही, खाली डाग नाही. मग एकच उत्तर राहिलं.

त्या रविवारी सकाळी वंदना झाली होती. पंचशील म्हणताना ड्रायव्हरही दारापाशी हात जोडून उभा होता. न दिलेलं घेऊ नये हे दुसरं शील आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आणि अर्ध्या तासात मी त्याच खोलीत त्याला चोर ठरवलं. गुरुजी मुलीच्या लग्नासाठी गाडी मागायला आले होते. त्यांच्यासमोर नको, असं अक्कानं डोळ्यांनी सुचवलं. मला वाटलं, साक्षीदार असलेला बरा. म्हणून उलट मोठ्यानं बोललो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पेट्रोल टाकीत हाय. काटा दाखवून राहिला. तरी गाडी उपाशी असल्यागत का करते, ते मला न्हाई समजत."

"बावीस लिटर टाकीत असतं तर गाडी खोकली असती का?" मी म्हणालो.

मला उत्तर नकोच होतं. अकरा हजारांतून कापून मी आठ हजार सहाशे नव्वद त्याच्या हातात दिले. त्यानं सगळ्यांसमोर दोनदा मोजले. किल्ली काढून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला होता, त्याला त्यानं हात लावला नाही. "येतो, साहेब," म्हणाला. मामा म्हणाला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. गुरुजींनी लग्नाला दुसरी गाडी ठरवली. नंतर अक्कानं सांगितलं, वसाहतीत ज्यांच्या गाड्या चालवायला तो सुट्टीच्या दिवशी जायचा, त्यांनीही त्याला बोलवणं बंद केलं. कोणी विचारलं नाही, कोणी भांडलं नाही. नुसतं बोलवणं थांबलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडी नांदेडला आणून विकायचं ठरवलं. मी आणि बायको लातूरहून निघालो. मी स्वतः वीस लिटर टाकलं, एकशे साठ किलोमीटरचं. नांदेड त्याच्या आतच. अहमदपूर सोडल्यावर गाडी मिसिंग करायला लागली. चढ आला की धाप, उतार आला की बरी. लोह्याच्या अलीकडे बंद पडली ती पडलीच. एकशे बारा किलोमीटर झाले होते. काटा पावच्या बराच वर.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सवयीनं हिशेब केला. एकशे बाराला चौदा लिटर. सहा उरायला हवं.

बायको गाडीतून उतरली नव्हती. काच खाली करून म्हणाली, "सहा लिटर कमी आलं ना? आता कोणी नेलं? मी नेलं का?"

एका दुचाकीवाल्याला विनंती करून त्याच्या मागे बसून पंपावर गेलो, कॅनमधून पाच लिटर आणलं. ते टाकताच गाडी निमूट सुरू झाली आणि कुरकुर न करता नांदेडला आली. वाटेत विष्णुपुरीच्या पुढे बायको एवढंच म्हणाली, की त्या दिवशीचा चहा तिनं नंतर मोरीत ओतला होता.

तेव्हाच मी अक्काला फोन करायला हवा होता. केला नाही. मनाला समजावलं, आधी गाडीचा दोष नक्की होऊ दे, अर्धवट माहितीवर काय बोलायचं. चोर म्हणताना मात्र अर्धवट माहिती मला पुरली होती.

नांदेडच्या मेकॅनिकनं आधी प्लग बदलले, मग दोन कॉइल. बिल नऊ हजार दोनशे. गाडी चार दिवस चांगली चालली, पाचव्या दिवशी उड्डाणपुलावर पुन्हा धापा टाकायला लागली. मग त्यानं इंजेक्टर साफ केले, फिल्टर बदलला. पुन्हा तेच. दोन्ही वेळा तो छातीठोक बोलला आणि दोन्ही वेळा चुकला, पण वैतागला नाही. तिसऱ्यांदा त्यानं मला विचारलं की त्रास नेमका कधी सुरू होतो. मी मोबाइलमधल्या पावत्या काढल्या. ड्रायव्हरनं कुठल्या दिवशी गाडी खोकल्याचं कळवलं ते फोटोंखालच्या निरोपांत लिहिलेलं होतं. प्रत्येक वेळी पाचशेचं पेट्रोल टाकून तीसएक किलोमीटर झाल्यावर. नवं पेट्रोल पडलं की पुन्हा बरी. हे सगळं मी आधी वाचलं होतं. किलोमीटरचा आकडा घ्यायचा म्हणून वाचलं होतं, बाकीचं सोडून दिलं होतं.

मेकॅनिकनं पेट्रोलच्या नळीला प्रेशरचं घड्याळ लावलं. सपाट जागी काटा स्थिर. गाडीचं तोंड वर करून रॅम्पवर चढवली तसा तो थरथरत खाली आला.

"पंपाला हवा लागतेय," तो म्हणाला. "काटा म्हणतो पेट्रोल आहे. मग आहेच. पण पंपापाशी नाही."

मागची सीट उचलली. खाली दोन झाकणं होती, उजवीकडे एक, डावीकडे एक. त्यानं समजावून सांगितलं ते असं. या गाडीची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी मधे उंच असते, तिचे दोन खण. पंप उजव्या खणात. इंजिनाला लागून उरलेलं पेट्रोल डाव्या खणात परत येतं, आणि तिथून एक बारीक नळी ते ओढून पुन्हा उजवीकडे टाकते. ती नळी गाळानं बुजली होती. म्हणजे थोडं थोडं पेट्रोल डावीकडे जात होतं आणि तिथंच राहत होतं. काटा दोन्ही खण मिळून दाखवायचा, म्हणून तो खरंच बोलत होता. दाजी टाकी फुल ठेवत, त्यामुळे उजवा खण कधी रिकामा पडत नसे आणि दोष झाकला जाई. पाचशे-पाचशेवर आल्यावर तो उघडा पडला.

डावं झाकण काढलं. वास आला. आत बघितलं तर पेट्रोल काठापर्यंत होतं.

पाच लिटरच्या कॅननं त्यानं ते उपसलं. पाच कॅन भरले, सहावा अर्धा. साडेसत्तावीस लिटर. बावीस ड्रायव्हरच्या नावावरचे आणि सहा मी वाटेत घालवलेले, मिळून अठ्ठावीस. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की अर्धा लिटर कुठं गेलं. तो विचार आला, हे मी लपवत नाही.

त्या संध्याकाळी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तू आकडे दाखवलेस." ते वाक्य माझ्यासाठी होतं की तिच्या स्वतःसाठी, मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं धर्माबादला गेलो. ड्रायव्हर मिरची बाजारात होता, एका व्यापाऱ्याचं पिकअप चालवत. पोती चढत होती आणि मला एकसारख्या शिंका येत होत्या, त्यामुळे जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते तुकड्यातुकड्यानं बोललो. दोन खण, बुजलेली नळी, साडेसत्तावीस लिटर. त्यानं मला बाजूच्या हॉटेलात नेलं, पाणी दिलं. "डाव्या खणात होतं म्हणा की," एवढंच म्हणाला, आणि किंचित हसला. राग आलेला दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पाकीट पुढे केलं. पंचवीस हजार होते. त्यानं ते उघडलं नाही.

"तेवीसशे दहा माझे हायत, ते घेतो," तो म्हणाला. "बाकीचे घेतले तर लोक म्हणतील, साहेबांनी दया केली. मग मी चोरच राहिलो. आन् तेवीसशे दहा बी इथं नको. जिथं कापले तिथं द्या. जे होते ते सगळे पायजेत. गुरुजी बी."

मी म्हणालो, गुरुजींना मी फोन करून सांगतो.

"फोनवर मला चोर म्हणला होता का?"

रविवार, २३ मार्च. तीच खोली, तीच माणसं, वंदना झाल्यावर. तो आदल्या रात्रीच निघून सकाळी पोचला होता. गुरुजींच्या मुलीचं लग्न दुसऱ्या गाडीनं होऊन गेलं होतं. मी उभा राहिलो. नोकरीत मोठ्या मोठ्या साहेबांपुढे हिशेब वाचून दाखवले आहेत, पण त्या दिवशी अडखळलो. सुरुवात खोगिरासारख्या टाकीपासून केली. दोन खण झाले, नळीपर्यंत आलो. तेव्हा गुरुजींनी मधेच विचारलं, "ते कळलं हो. यांनी घेतलं नव्हतं, असंच ना?"

"घेतलं नव्हतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो."

टाकीमागे लपता येत होतं तेवढं मी लपत होतो, हे गुरुजींनी ओळखलं असावं. खोटं बोलू नये हे चौथं शील. ते आम्ही नुकतंच म्हटलं होतं.

अक्कानं गाडी विकायचं रद्द केलं आणि ड्रायव्हरला परत ये म्हटलं. तो म्हणाला, मिरचीचा हंगाम संपेपर्यंत शब्द दिलाय, पुढचं पुढं बघू. गुरुजींनी विचारलं, पुतण्याचं लग्न मे महिन्यात आहे, गाडी तुम्हीच चालवाल ना? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चालवीन की. पण टाकी फुल करून ठेवायला सांगा."

बायको हसली, गुरुजीही हसले. या वेळी त्यानं चहा घेतला.

पैसे देताना मी विचारलं, अजून काही? त्यानं सरळ सांगितलं. रविवारी माल निजामाबादला जातो, तो खाडा पडला, त्याचे सहाशे. धर्माबाद ते लातूर जाण्यायेण्याचं भाडं सहाशे चाळीस. मी वर काही ठेवायला गेलो तर त्यानं हात मागे घेतला. नोटा न मोजताच खिशात टाकल्या. मी म्हणालो, मोजून घ्या.

"तुमचा हिशेब हाय, साहेब," तो म्हणाला. "चुकायचा न्हाई."

दिले ते एकूण तीन हजार पाचशे पन्नास रुपये. दिले त्यालाच, चौघांसमोर. त्याहून जास्त त्यानं मला देऊ दिले नाहीत.