दाराचा दगड

नोंदणी कार्यालयात त्यांना सारे टिपणराव म्हणत. समोरच्याने चहात साखर किती घातली हेही ते वहीत टिपतात, अशी त्यांची ख्याती. खोऱ्यातल्या चीजला खोऱ्याचे नाव कायद्याने राखून मिळाले, त्या अर्जातली ‘पारंपरिक कृती’ त्यांनीच लिहिली होती. तीही तिथल्या सर्वांत जुन्या चीजवाल्या काकूंच्या ओट्याशी एक अख्खा दिवस बसून.

आता त्याच काकूंच्या नावची नोटीस त्यांच्या मेजावर सहीसाठी आली. चीज लाकडी दाबयंत्रात दाबले जाते, नोंदवलेल्या कृतीप्रमाणे दगडाखाली नव्हे. सबब खोऱ्याचे नाव वापरण्यास मनाई.

नोटीस खिशात घालून टिपणराव थेट काकूंकडे गेले.

“या! तुमच्यापायी हा धोंडा गळ्यात पडला बघा,” काकू हसल्या. ओट्यावर नवाकोरा घडीव दगड होता आणि त्याखालचे चीज एका कडेने फुटले होते.

“यंत्र कुठंय?”

“माळ्यावर. तपासनीस म्हणाले, पुस्तकात दगड लिहिलाय. नाव गेलं तर माझा माल कोण घेणार हो?”

“काकू, त्या दिवशी तुमच्या यंत्राचा स्क्रू तुटला होता. म्हणून तुम्ही दाराला लावायचा दगड उचलून ठेवलात. आठवतं?”

“आठवतं की! पण म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्हाला जुनं ठाऊक. सासूबाईही आधी दगडच ठेवत असतील. आता तर त्या तशा डोळ्यांसमोरही येतात.”

टिपणराव तसेच माघारी वळले.

कार्यालयात परतून त्यांनी ती जुनी वही काढली. ‘स्क्रू तुटलेला. आजपुरता दगड.’ अक्षर त्यांचेच, स्वच्छ. पक्क्या मसुद्यात पहिले वाक्य आले नव्हते, ‘आजपुरता’ही गळले होते, कारण दगड अधिक प्राचीन दिसत होता आणि अर्ज अडकू नये अशी घाई होती.

नोटीस त्यांनी सहीविना परत पाठवली. मग दुरुस्तीचा अर्ज भरला आणि पुरावा म्हणून अख्खी वही जोडली. ‘चूक कशी झाली’ या रकान्यात ‘नजरचुकीने’ असे लिहिले. थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. तो खोडून पुढे लिहिले, ‘जाणूनबुजून’, आणि खाली सही केली.