काचेवरचं कुंकू

बारामतीच्या एमआयडीसीमागं एका पत्र्याच्या शेडमध्ये कुंडलिक तात्या मोटरी दुरुस्त करत. मूळचे लासुर्ण्याचे. तीस वर्षं झाली, शेडला अजून पाटी नाही. लावा म्हटलं की म्हणायचे, "मोटर बिघडली की माणसाला रस्ता बरोबर सापडतो." माणूस तसा हेकट. उघडायच्या आधी जुळणीची खूण कोरल्याशिवाय नटाला हात लावणार नाही, आणि गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मुद्दाम चहा मागवणार. पण काम असं चोख, की लोक मुकाट तो चहा पीत.

डाळजच्या संजीवनीनं दसऱ्याच्या तीन दिवस आधी आपली सर्व्हो मोटर आणून टाकली. तिनं गावातल्या चाळीस घरांचं दूध गोळा करून पिशव्या भरायचं मशीन घातलं होतं. पिशवीचा कागद मापात ओढायचं काम या मोटरीचं. बेअरिंग कुरकुरत होतं, बाकी काही नाही.

"दसऱ्याला चालू करून देतो," तात्या म्हणाले. तेवढ्या भरवशावर तिनं भिगवणच्या दुकानदारांना चार दिवस दम धरायला सांगितलं.

अशा मोटरीच्या मागच्या टोकाला एन्कोडर असतो. डबीत रुपयाएवढी काचेची चकती, तिच्यावर केसाहून बारीक रेघा. एका बाजूनं दिवा, दुसऱ्या बाजूनं त्याचा उजेड टिपणारा डोळा. मोटर फिरली की रेघा मोजल्या जातात आणि कागद किती सरकला ते मशीनला कळतं. रेघ चुकली की पिशवी नको तिथं कापली जाते. तात्यांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

खंडेनवमीला दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसलं. एन्कोडरचं झाकण तेवढं लावायचं राहिलं. तेवढ्यात संजीवनीचा फोन आला.

"तात्या, आमच्या मोटरीला बी हळदकुंकू लावा बरं का. इसरू नका."

"हे काय सांगायचं झालं?"

खरंच सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी शेडमधली एकही वस्तू कुंकवावाचून राहत नसे, मग ती गिऱ्हाइकाची का असेना. तात्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी घरून पूजेचं ताट आणलं. तात्यांनी लेथला, ड्रिलला, हातोड्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. संजीवनीच्या मोटरीपाशी आले आणि आवर्जून सांगितलंय म्हणून चिमूट जरा मोठी घेतली. साध्या मोटरीवर ओंजळभर कुंकू वाहिलं तरी ती हूं की चूं करत नाही. हात त्याच सवयीनं गेला. निम्मं कुंकू उघड्या काचेवर पडलं.

इथंच थांबायचं ना! पण नाही. हा एवढा खुणा कोरणारा माणूस घाबरला, आणि मऊ फडकं अंगठ्याला गुंडाळून त्यानं काच पुसली. कुंकवात बारीक कच होती. भिंगातून बघितलं तर रेघांवरून आडवा ओरखडा गेलेला. तात्या स्टुलावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

मोटर जोडून बघितली. थोडी फिरे, हिसका देई, बंद पडे. पुण्याला कंपनीत फोन लावला. पलीकडचा पोरगा गोड बोलला, "काका, चकती सुटी मिळत नाही. अख्खी मोटर पाठवा, जुळणी आमच्याच यंत्रावर होते. दीड महिना धरा."

जळालेली वाइंडिंग तात्या नव्यानं भरत, झिजलेला शाफ्ट लेथवर उभा करत. पण या रेघा कुणी ओढायच्या, आणि कशानं? शेडभर हत्यारं होती आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच हातांची चीड आली.

दसऱ्याला सकाळी मोटर गाडीला बांधून ते डाळजला निघाले. झाकण लावलं, पण त्याचे स्क्रू काही आवळले नाहीत. काच तिला दाखवायची, चूक माझी म्हणायचं, हे वाटेत दहा वेळा घोकलं.

संजीवनीनं मशीन धुऊन पुसून ठेवलं होतं, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. तात्यांचं तोंड बघूनच तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"आतली काच गेली," तात्या म्हणाले. "कंपनीत धाडावी लागतीय. दीड महिना."

"म्हंजी दिवाळी गेली." ती खाली बसली. "दुकानदार येकदा दुसऱ्याकडं वळलं की परत येत न्हाईत, तात्या."

"व्हय."

तिनं मोटरीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "पूजा केली हुती न्हवं?"

तात्यांचं बोट झाकणाच्या सैल स्क्रूवर गेलं. खरं सांगावं, तर ही जन्मभर म्हणणार, मीच फोन करून कुंकू लावायला सांगितलं. न सांगावं, तर आपली अब्रू फुकटात राहते. तिच्यासाठी गप्प बसतोय की स्वतःसाठी, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

"केली हुती."

"मग देवाला तरी काय बोलायचं."

ती उठली, ताट उचललं. "लांब चाललीय," म्हणत चिमूटभर कुंकू घेऊन मोटरीपाशी वाकली. तात्यांनी झाकणावर तळवा पालथा घातला आणि घट्ट दाबून धरला. आत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं शेजारच्या मोकळ्या जागेवर कुंकू लावलं, थोडं त्यांच्या बोटांवर सांडलं.