पाऊल जुळू न देता

माझा मित्र लष्करी बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, म्हणून आम्ही त्याला ढोल्या म्हणायचो. आमच्याकडे कॉलरा आला, शाळेच्या मैदानावर लष्कराने तंबूंचं रुग्णालय उभारलं, आणि मदतीच्या तुकडीत ढोल्या दिसला. ढोल नव्हता. हातात स्ट्रेचर होतं. अशा वेळी बँडवाल्यांनी रोगी उचलायचे, असा नियम म्हणे. मी साहित्य शिकलोय. लष्करातलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अडचण एकच होती. स्ट्रेचर नेणाऱ्यांनी मुद्दाम वेगवेगळी पावलं टाकायची असतात. पावलं जुळली की स्ट्रेचर हिंदकळतं. आणि ढोल्यासकट या चौघा बँडवाल्यांचा जन्म पावलं जुळवण्यात गेलेला. दुसऱ्या वळणापर्यंत त्यांचं संचलन सुरू व्हायचं. कोपऱ्यावरचा शिंपी असा हिंदकळतच तंबूत पोचला आणि म्हणाला, यापेक्षा जुलाब परवडले. बँडमास्तरांनी चौघांना फैलावर घेतलं. फरक शून्य.

मग ढोल्याची आत्या आजारी पडली. आईवेगळ्या ढोल्याला तिनेच वाढवलेलं. तिचे डोळे खोल गेले होते, पोटात पाणी ठरत नव्हतं. सलाईन तंबूत होतं आणि गल्लीत गाडी शिरत नव्हती. पण शिंप्याची हकिकत तिच्या कानावर गेली होती. तिने पलंगाचा दांडा धरून ठेवला.

"मरेन तर इथंच. तुझ्या ढोलावर नाचत नाही जायची."

ढोल्या रडकुंडीला आला. "आत्या, वाटेत हवं तेवढं बोल मला. पण चल."

अशी परवानगी तिला आजवर कुणी दिली नव्हती. तिने मागितलीही नव्हती. तिने दांडा सोडला.

सुरुवात ढोल्याच्या शाळेतल्या निकालापासून झाली. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. मध्येच ती थांबायची, ओकायची, दम खायची, मग थेट मागच्या जवानाच्या मिशीवर यायची. त्या बोलण्याला ना ताल ना यती. चौघे कान देऊन ऐकत होते आणि प्रत्येकाचं पाऊल भलतीकडे पडत होतं. स्ट्रेचरवर भरलेला पेला ठेवला असता, तरी सांडला नसता.

तिला सलाईन लागलं. आम्ही दोघे तंबूबाहेर जमिनीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आतून ऐकू आलं, ही सुई टोचायची पद्धत झाली का.

"आवाज चढतोय," ढोल्या म्हणाला, आणि त्याने बाहीला डोळे पुसले.

ती हिंडूफिरू लागल्यावर बँडमास्तर स्वतः तिच्याकडे गेले. बाई, रोज स्ट्रेचरबरोबर याल का, असं त्यांनी विचारलं. आत्याने आधी त्यांना बूट बाहेर काढायला लावले. मग हो म्हणाली.